खोकी दोन, भाऊ दोन

माझे दोन स्पीकर होते. दोन म्हणजे एक. हे ज्याला कळतं त्याला पुढचं सांगायची गरज नाही, आणि ज्याला कळत नव्हतं तो आमच्या वाटणीचा पंच होता.

स्पीकर मी स्वतःच्या कमाईतून घेतले होते. त्या वेळी मी शिरूर ते तळेगाव ढमढेरे पट्ट्यात रिकामी पोती गोळा करून विकत असे. घेताना उसवलेल्या पोत्याला फाटकं म्हणायचं आणि विकताना फाटक्याला जरा उसवलंय म्हणायचं, एवढंच माझं शिक्षण. नव्वदच्या आसपास पुण्यातल्या एका बंगल्याचं जुनं सामान निघालं, त्यातून कॅसेट लावायची सोय असलेला अ‍ॅम्प्लिफायर आणि ही जोडी उचलली. सागवानी खोकी, कमरेएवढी उंच, पुढे तपकिरी जाळी. मागे तारा अडकवायला दोन चाप, एक लाल आणि एक काळा. स्पीकरच्या आत वीज नाही, मशीन नाही. अ‍ॅम्प्लिफायरनं ढकललं तर बोलणार, नाहीतर बसून राहणार.

वडील गेल्यावर दोन वर्षांनी वाटणी झाली. थोरला भाऊ, म्हणजे दादा, दौंडला पिठाची गिरणी टाकणार होता आणि मी शिरूरला गोदाम. पंच म्हणून भावकीतले एक आबा बसले. आमच्या घराण्यात माझ्या वडिलांपर्यंत सगळ्यांनी मेंढरं राखली. आबांनी तर जन्मभर दुसरं काही केलं नाही आणि वाटण्या केल्या त्याही कळपांच्याच. जमीन त्यांनी अर्ध्या दिवसात वाटली. भांडी वाटली. मग स्पीकर आले.

"खोकी किती?" आबांनी विचारलं.

"दोन," दादा म्हणाला.

"भाऊ किती?"

"दोन."

"मग अडलंय कुठं?"

मी म्हणालो, "आबा, एक तर ती माझ्या पैशाची हायती. आन् दुसरं, ती जोडी हाय. तोडून चालत न्हाई."

"घर एक हुतं तवा पैसाबी एकच हुता. आन् बैलजोडीबी तोडत्यातच की."

"बैल नका धरू. मेंढी आन् कोकरू धरा. वाटणीत कोकरू आईमागं जातं का न्हाई?"

हे आबांना पटलं. मेंढरांचा कायदा त्यांना तोंडपाठ होता. ते काठी टेकत उठले, दोन्ही स्पीकरांभोवती एक फेरी मारली, वाकून मागूनही पाहिलं, कारण जनावर मागून पाहायचं असतं. मग माझ्याकडे वळले.

"मग ह्यातलं कोकरू कंचं?"

मी दोन्हींवरून नजर फिरवली. दोन्ही एकाच उंचीचे, एकाच वजनाचे.

"मला तरी कोकरू दिसना," आबा म्हणाले. "दोन्ही धड वाढल्याली हायती."

दादा म्हणाला, "आबा, मला कंचंबी चालंल."

इथं माझा घात झाला. 'कंचंबी चालंल' हे शब्द ऐकले की माझ्यातला व्यापारी उठून उभा राहतो. एका स्पीकरच्या जाळीवर खरचटलेलं होतं. मी ताबडतोब म्हणालो, "मग बिनखरचट्याचा माझा." आबांनी मान डोलावली, दादानं मान डोलावली आणि सौदा झाला. दोघांमधला चांगला स्पीकर मिळवला म्हणून मी अर्धा तास खूश होतो. नंतर ध्यानात आलं की दोन्ही माझे होते.

अ‍ॅम्प्लिफायर मात्र मला आख्खा मिळाला. तो बंद आहे असं मी आधीच सांगून ठेवलं होतं. लिहायला बसलोय तर खरं लिहितो: तो बंद नव्हता. मी फ्यूज काढून खिशात ठेवली होती.

सामान जीपमध्ये चढवताना मी दादाला बरंच काही बोललो. माझा राग तापायला वेळ घेत नाही. दादानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "फ्यूज खिशात ठिवलीस, ते मला दिसलं न्हाई व्हय?" त्यानंतर सहा वर्षं तो माझ्याशी बोलला नाही आणि मीही त्याच्याशी बोललो नाही. लग्नकार्यात भेटायचो, शेजारी बसून जेवायचो, मीठ हवं असलं तर तिसऱ्याकडून मागवायचो.

त्या सहा वर्षांत माझ्या घरी अर्धं गाणं वाजलं. माझ्याकडे ढोलकीच्या गाण्यांची एक कॅसेट होती. स्पीकरची तार अ‍ॅम्प्लिफायरच्या डाव्या बाजूला लावली की नुसती ढोलकी आणि पेटी ऐकू यायची. उजव्या बाजूला लावली की बाई एकटीच गायची, विहिरीच्या काठावर उभी राहून गावी तशी. पाव्हणे आले की बायको विचारायची, "अहो, आज ढोलकी लावायची का बाई?"

एकदा मला युक्ती सुचली. एकाच स्पीकरला डावीकडची तारही जोडायची आणि उजवीकडचीही. एका पोत्यात दोन पोत्यांचा माल. जोडलं, चालू केलं, ढोलकी आणि बाई एकत्र आली, अर्धं कडवं झालं असेल, आणि अ‍ॅम्प्लिफायरमधून निळा धूर निघाला. फ्यूज या खेपेला जागेवर होती, तीही गेली.

शिरूरला बसस्टँडमागे रेडिओ दुरुस्त करणारे एक मिस्त्री होते. त्यांनी झाकण उघडलं, वास घेतला आणि झाकण बंद केलं.

"दोन नाल्यांची तोंडं एकमेकांत घातलीत तुम्ही," ते म्हणाले. "पाणी एकमेकांच्याच उरावर गेलं."

"आता?"

"आता दुसरा बघा. पण आधी स्पीकर दाखवा."

स्पीकरच्या मागे पत्र्याच्या पट्टीवर आठाचा आकडा होता आणि त्यापुढे घोड्याच्या नालेसारखी खूण. मिस्त्री म्हणाले, "हा आठ ओहमचा. अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीवर पण आठ आणि अशीच नाल पाहिजे. पत्रिका जुळते का बघायचं. आकडा जुळला की संसार होतो."

तोवर मी पोती सोडून कारखान्यांतून निघणारी लाकडी खोकी आणि पॅलेट घ्यायला लागलो होतो, कारण रांजणगावला कारखाने आले होते. त्यातल्या एका साहेबाची बदली झाली आणि तो घरचं सामान काढत होता. त्यात तसाच कॅसेटवाला अ‍ॅम्प्लिफायर होता. मी आधी तो वळवून त्याची पाठ बघितली. आठ, नाल. मग तोंडाकडून बघितला आणि तोंड वाईट केलं. साहेब हिंदीत म्हणाला की हा फार चांगला आहे. मी हिंदीत म्हणालो की चांगला असता तर तुम्ही सोबत नेला असता. तासाभरात तो माझ्या भावावर आला.

पण स्पीकर एकच. मी बाजारातून दुसरा एक नवा आणून शेजारी ठेवून पाहिला. त्याच्या पट्टीवर चार होतं. नवा ओरडायला लागला की जुना तोंडात पुटपुटायचा. मिस्त्रींनी दोन मिनिटं ऐकलं आणि स्वतःच बंद केलं.

"रेड्याशेजारी शेळी जुंपलीय. ह्याची जोड ह्याच्यासारखाच. ह्याचा भाऊ कुठंय?"

"दौंडला," मी म्हणालो. "माझाबी तिथंच हाय."

खरं सांगायचं तर मला एवढ्यात आनंद होता. सहा वर्षं मी म्हणत होतो की ती दोन नाहीत, एक आहे, आणि आता एका जाणत्या माणसानं ते सांगितलं होतं. मला दादाच्या तोंडून एकच वाक्य ऐकायचं होतं: जोडी होती, आणि तुझी होती. ते ऐकल्याशिवाय अ‍ॅम्प्लिफायर वाजला काय आणि न वाजला काय.

म्हणून मी एका सकाळी माझा स्पीकर, अ‍ॅम्प्लिफायर आणि मिस्त्री असे तिघे जीपमध्ये घालून निघालो. मिस्त्रींना दौंडला सामान घ्यायचंच होतं. न्हावऱ्यावरून चौफुला आणि पुढे वरवंडवरून दौंड. स्पीकर माझ्या मांडीवर होता आणि जीपमधला प्रत्येक जण विचारत होता की यात काय आहे. मी म्हणत होतो, अर्धा.

गिरणीत शिरलो आणि पहिलं दर्शन माझ्या दुसऱ्या स्पीकरचं झालं. दादानं त्याला ऑइलपेंट मारला होता. हिरवा, गिरणीच्या दारासारखा. जाळीला, पट्टीला, मागच्या दोन्ही चापांनासुद्धा. लाल कुठला आणि काळा कुठला हे आता देवालाही सांगता आलं नसतं. तो आडवा टाकलेला, त्यावर गिऱ्हाइकांचे पिठाचे डबे होते आणि एका डब्याशेजारी म्हातारी बसली होती. माझ्या स्पीकरवर.

दादानं मला पाहिलं, पट्टा उतरवला, गिरणी थांबवली. शांतता झाल्यावरही तो बोलला नाही. मीही नाही. मी माझा स्पीकर त्या हिरव्याशेजारी ठेवला, म्हातारीला उठवलं आणि दोन्हीकडे बोट दाखवलं. त्यानं मान हलवली. काय समजायचं ते समजला असावा.

मग तो बाकावर बसला, वडिलांचं घोंगडं ओढलं आणि त्याखाली हात घालून माझ्याकडे बघत राहिला.

मेंढरांच्या बाजारात असा सौदा करतात. घोंगड्याखाली समोरच्याची जितकी बोटं धराल तितका आकडा. आजूबाजूच्यांना कळत नाही आणि तोंड उघडावं लागत नाही. अबोला धरलेल्या दोन भावांसाठी याहून सोयीची रीत नाही. मी शेजारी बसून हात आत घातला.

जोडी वर्षातले किती महिने माझ्याकडे, हा सवाल होता. मी पंजा दोनदा दाबला आणि वर दोन बोटं धरली. बारा. दादानं चमकून पाहिलं आणि माझी दोन बोटं धरली. मला हसू आलं. दोन महिने म्हणे. मी दहा. तो चार. मी आठ. तो पाच. मग मी त्याचा पंजा दाबून एक बोट धरलं, सहा, आणि त्यानंही माझा हात तसाच दाबला. ठरलं. सहा महिने. तोंड न उघडता सहाचा आकडा पदरात पडला म्हणून मी मिस्त्रींना डोळा मारला.

जोडणी गिरणीमागच्या खोलीत केली. अ‍ॅम्प्लिफायर मध्ये, स्पीकर दोन्हीकडे. मिस्त्री तार लावायला वाकले तर दादानं त्यांच्या हातातून हिरव्या स्पीकरची तार घेतली. माझ्या स्पीकरला मी हात लावू दिला नाही. ज्याचा त्यानं जोडला. मिस्त्रींनी आपल्या पिशवीतून ढोलाची एक कॅसेट काढली. तिच्यात ढोल दोन्हीकडून सारखा येतो, परीक्षेसाठी चांगली, असं म्हणाले.

लावली. ढोल वाजत होता, पण ढोलात पोट नव्हतं. कुणी सुपावर चिंचोके टाकावेत तसा आवाज. एकटा स्पीकर याहून बरा वाजायचा.

मिस्त्रींनी तारा सोडवल्या, खिशातून टॉर्चचा एक सेल काढला आणि त्याला तारेचे दोन तुकडे लावून आधी माझ्या स्पीकरला टेकवले. जाळीमागचा कागद टक् करून पुढे आला. मग हिरव्याला तसेच टेकवले. त्याचा कागद टक् करून आत गेला.

"हे बघा. एक ढकलतो तवा दुसरा वढतो. हवा पुढं जातच न्हाई, दोघांतच जिरती."

"चुकलंय कंचं?" मी विचारलं.

"चुकलं कुणीच न्हाई. दोघं बी बरोबर हायती. फकस्त एकमेकाला बरोबर न्हाईत. एकाची तार उलटी लावायची. कुणाचीबी."

"मग त्याची उलटा," मी म्हणालो.

दादानं मिस्त्रींकडे पाहून माझ्या स्पीकरकडे बोट केलं.

"कुणाचीबी चालती," मिस्त्री पुन्हा म्हणाले.

"चालत असंल तर त्याची उलटा. रंग त्यानं दिलाय. माझ्यावर लाल-काळं अजून दिसतंय."

दादानं आपल्या स्पीकरवर तळहात ठेवला. वडील विकायला न काढायच्या मेंढीवर ठेवायचे तसा. मिस्त्रींनी तारा होत्या तशा परत लावल्या, सेल खिशात घातला, कॅसेट तिथंच ठेवली आणि चपला घातल्या. "विजेत हात घालीन," ते म्हणाले, "भावकीत न्हाई." आणि सामान आणायला निघून गेले ते परस्पर शिरूरला गेले.

जेवताना वहिनीनं मला आग्रह केला. "पोटभर जेवा भावजी, घाई न्हाई. सहाच्या गाडीला सोडाय येनार हायती ह्ये."

"कंची सहाची गाडी?"

"तुम्हीच ठरवलंत न्हवं घोंगड्यात? आधी तुम्ही बारा म्हणलात. ह्ये म्हणले जेवल्याबिगर कसं जाऊ द्यायचं, म्हणून दोन केलं. तर तुम्ही येकदम रात्रीचं दहा म्हणलात."

मी घास खाली ठेवला. दादा ताटात बघून कालवत होता. मी सकाळभर महिन्यांचा सौदा केला होता आणि त्यानं एसटीचा. आयुष्यात मला कुणी असं फसवलं नव्हतं, आणि हा तर फसवतही नव्हता.

जेवण झाल्यावर एक गिऱ्हाईक आलं म्हणून दादा पट्टा चढवायला गेला. मी खोलीत एकटाच दोन स्पीकरांसमोर बसलो. सहाला निघायचं होतं. सहाला निघालो तर एक स्पीकर मांडीवर, परत अर्धं गाणं, आणि तेही मान्य, पण एकदा तरी ही जोडी नीट वाजलेली ऐकून जावं असं वाटलं. वाजली तर तो म्हणेल. म्हणावंच लागेल. माणूस पोट असलेला ढोल ऐकून गप्प बसत नाही. मी दार लोटून घेतलं आणि माझ्या स्पीकरची तार उलटी लावली. माझी. कुणी बघितलं नाही. मग जणू काहीच केलं नाही अशा चेहऱ्यानं स्टेशनाजवळ चहा प्यायला गेलो.

परत आलो तर पाच वाजून गेले होते. दादा खोलीत बसला होता. मी कॅसेट लावली आणि हाताची घडी घालून उभा राहिलो. सुपावर चिंचोके.

मी आवाज वाढवला. जास्त चिंचोके.

आणि दादा बोलला. सहा वर्षांनी. "आता तरी वाजाय पाहिजे हुतं."

"का?"

"मी माझी उलटली."

"कवा?"

"तू च्याला गेलतास तवा."

"आन् मी माझी उलटली, तू पट्टा चढवाय गेलतास तवा."

मी दोन्ही तारांकडे पाहिलं. मग मी म्हणालो, "तुला कुणी सांगितलं हुतं उलटायला?"

"तुला कुणी सांगितलं हुतं?"

"मी आधी उलटली. आधी उलटली त्याची धरायची."

"मला सांगायचं तरी हुतंस."

"बोलत हुतास का तू?"

हे सगळं वाढत वाढत गिरणीच्या दाराबाहेर आलं. फ्यूज निघाली, रंग निघाला, खरचटा निघाला, म्हातारीला स्पीकरवर बसवलं ते निघालं. सहाला पाच मिनिटं कमी असताना दादा एकदम म्हणाला, "जोडी हाय ती. आबानं उगा तोडली. न्ये दोन्ही."

मी थांबलो. तो 'जोडी' म्हणाला होता. 'तुझी' म्हणाला नव्हता. पण समोरून माल असा चालत आला की माझी जीभ माझं ऐकत नाही.

"किती म्हयने?" मी विचारलं.

"म्हयने कसलं? न्ये कायमची."

"तसं न्हाई. सहा ठरलं हुतं."

"ते गाडीचं हुतं. बारा न्ये."

"फुकट घेत न्हाई मी. सात."

"दहा."

"सात म्हणलं ना."

"नऊ. त्याच्याखाली परवडत न्हाई मला."

जन्मभर मी आकडे खाली ओढून घेतले आणि वर ढकलून विकले. त्या दिवशी मी घेणारा असून माझाच फायदा खाली ओढत होतो आणि तो देणारा असून वर चढवत होता. सहाची गाडी आमच्या समोरून गेली. दादानं तिच्याकडे पाहिलंही नाही. तो म्हणाला, "साडेआठ," आणि मी "साडेसात" म्हणायला तोंड उघडलं.

तेवढ्यात आतून ढोल आला. नुसता कानात नाही, तर चपलांच्या तळव्यांतून. गिरणीचा पत्रा थरथरला, मांडणीतल्या ताटल्या वाजल्या आणि दारावरच्या छपराच्या तुळईवर वर्षानुवर्षं साचलेलं पीठ आमच्या दोघांच्या डोक्यावर पडलं.

आत वहिनी पदराला हात पुसत उभी होती.

"कुणाची उलटलीस?" दादानं विचारलं.

"एकाची."

"माझी का ह्याची?"

"वाजतंय न्हवं?" ती म्हणाली आणि भाकरी टाकायला गेली. ती आजतागायत सांगत नाही. तारांवर तिनं चिकटपट्टी गुंडाळली आहे आणि ती आम्हा दोघांनाही काढू देत नाही.

शेवटी आठ महिन्यांवर सुटलं. दरवर्षी आठ महिने जोडी माझ्याकडे आणि चार महिने दौंडला; अ‍ॅम्प्लिफायर जोडीबरोबर फिरतो. वाटेत दोन्ही स्पीकर मी एकाच दोरीनं बांधतो. न्यायला जातो तेव्हा दादा स्वतः जीपपर्यंत हिरवा उचलून आणतो, आणि मी दरवर्षी थोडा रेंगाळतो, की आता तरी म्हणेल, तुझी होती. तो म्हणत नाही. तोही जीपच्या दाराला हात लावून थोडा रेंगाळतो. मला ठाऊक आहे तो कशाची वाट बघतो. फ्यूज काढली ते चुकलं, असं मी अजून त्याला म्हटलेलं नाही.